स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम बांधताना: कर्नल, इनिट, बूट सेक्टर आणि वाटेतले अडथळे

शून्यपत्ता

बटण दाबल्यापासून प्रॉम्प्ट दिसेपर्यंत संगणकात काय काय घडतं हे नीट कळायला ती साखळी एकदा आपल्या हातानं जोडावी लागते. तयार डिस्ट्रोचा वॉलपेपर, आयकॉन आणि बूट लोगो बदलला तर सिस्टीम वेगळी दिसते, पण आतलं सगळं झाकलेलंच राहतं. म्हणून या धाग्यात उलट्या दिशेनं जाऊ. सुरुवातीला काहीच नाही, आणि ज्याच्यावाचून अडतं तेवढंच घालत जायचं. लिनक्स कर्नल (हार्डवेअर सांभाळणारा गाभा), बिझीबॉक्स (नेहमीच्या आज्ञांचा छोटा संच) आणि आपण लिहिलेली सहा-सात ओळींची इनिट फाइल (कर्नल सर्वांत आधी चालवतं ती) एवढ्यावर सिस्टीम उभी राहते. सगळं क्यूएमूमध्ये (अख्ख्या संगणकाची नक्कल करणारा प्रोग्रॅम) चालवायचं, म्हणजे आपल्या डिस्कला धक्का लागत नाही.

आज्ञा आणि फाइलींची नावं इथे उच्चारानुसार लिहिली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीच्या स्पेलिंगनं टाका.

तयारी: कुठलीही ६४-बिट लिनक्स, साधारण २० जीबी मोकळी जागा, आणि ही पॅकेजेस: जीसीसी, मेक, फ्लेक्स, बायसन, बीसी, सीपीआयओ, क्यूएमू. शिवाय लिबएल्फ, ओपनएसएसएल आणि एनकर्सेस यांची डेव्हलपमेंट पॅकेजेस, म्हणजे ज्यांत हेडर फाइली असतात ती. फ्लेक्स किंवा बायसन नसेल तर गाडी कॉन्फिगच्या पायरीवरच अडते. लिबएल्फची हेडर नसेल तर जरा पुढे, ऑब्जटूल बांधताना अडते. एनकर्सेस फक्त मेन्यूकॉन्फिगला लागतं.

पहिली पायरी, कर्नल. कर्नल डॉट ऑर्गवरून लाँगटर्म शाखेतली आवृत्ती घ्या. 'मेक डेफकॉन्फिग', मग 'मेक -जे' आणि पुढे कोअरचा आकडा. रॅम कमी असेल तर आकडा कमी ठेवा. कंपायलर मध्येच 'किल्ड' म्हणून मेला तर तो कोडमधला दोष नसतो, बहुतेक वेळा मेमरी संपलेली असते. शेवटी आर्च/एक्स८६/बूट या फोल्डरात बीझेडइमेज नावाची फाइल तयार होते.

दुसरी पायरी, बिझीबॉक्स. इथेही 'मेक डेफकॉन्फिग', मग मेन्यूकॉन्फिगमध्ये सेटिंग्जखाली 'बिल्ड स्टॅटिक बायनरी' चालू करा. हा पर्याय विसरू नका, का ते पुढे प्रतिसादांत येईलच. 'मेक इन्स्टॉल' केल्यावर _इन्स्टॉल नावाचं फोल्डर बनतं. त्यात एलएस, कॅट, माउंट वगैरे शेकडो आज्ञा दिसतात, पण खरी फाइल एकच आहे, बाकी सगळ्या तिच्याकडे बोट दाखवणाऱ्या सिमलिंक. कुठल्या नावानं हाक मारली ते पाहून तीच बायनरी वेगवेगळं काम करते.

तिसरी पायरी. त्या फोल्डरात प्रोक, सिस आणि डेव्ह अशी तीन रिकामी फोल्डरं करा. ती आपोआप बनत नाहीत आणि नसली तर माउंट होत नाही. मग तिथेच इनिट नावाची फाइल:

#!/बिन/एसएच
माउंट -टी प्रोक प्रोक /प्रोक
माउंट -टी सिसएफएस सिसएफएस /सिस
माउंट -टी डेव्हटीएमपीएफएस डेव्ह /डेव्ह
सेटसिड सीटीटीवायहॅक एसएच
पॉवरऑफ -एफ

चीमॉडनं ती एक्झिक्यूटेबल करा. आता _इन्स्टॉल फोल्डरच्या आत जाऊन 'फाइंड .' चं आउटपुट पाइपनं सीपीआयओला (अनेक फाइली एका फाइलीत बांधणारी आज्ञा) द्या. त्याला -ओ आणि -एच न्यूसी हे दोन पर्याय लागतात (एच मोठा). पुढे जीझिप करून फाइल फोल्डरच्या बाहेर ठेवा. न्यूसी लिहायचं राहिलं तर सीपीआयओ आपला नेहमीचा जुना फॉरमॅट वापरतं आणि कर्नल तो उलगडत नाही.

शेवटची पायरी. क्यूएमू-सिस्टीम-एक्स८६_६४ ला -कर्नलनंतर बीझेडइमेज, -इनिटआरडीनंतर आपली सीपीआयओ फाइल, -एम ५१२, -नोग्राफिक, आणि -अपेंडमध्ये 'कन्सोल=टीटीवायएस०'. बाहेर पडायला कंट्रोल-ए, मग एक्स.

प्रॉम्प्ट आला की लगेच पुढे पळू नका. एकेक ओळ काढून परत बांधा आणि काय मोडतं ते पाहा. प्रोकची ओळ काढली की पीएस आंधळं होतं, कारण प्रोसेसची यादी ते /प्रोकमधूनच वाचतं. पॉवरऑफची ओळ काढून शेलमध्ये 'एक्झिट ३' टाका. कर्नल पॅनिक होईल आणि संदेशात एक्झिटकोड हेक्स ०००००३०० असा दिसेल. आपण दिलेला ३ तिथे आठ बिट डावीकडे सरकून आलाय. प्रोसेस क्रमांक १ मेली की कर्नलला पुढे जायला जागाच उरत नाही, हे यातून जेवढं कळतं तेवढं व्याख्या पाठ करून कळत नाही.

अर्धविराम

उत्तम धागा. यात पहिल्या प्रयत्नात हमखास भेटणाऱ्या चुकांची भर घालतो. 'फेल्ड टू एक्झिक्यूट /इनिट' या संदेशामागे कंसात एक आकडा येतो. बहुतेक जण तो वाचत नाहीत, आणि उत्तर नेमकं त्यातच असतं.

उणे १३: परवानगी नाही. चीमॉड राहिलं.

उणे ८: फाइल आहे, पण कुठल्या प्रकारची ते कर्नलला कळलं नाही. पहिल्या ओळीतलं हॅश आणि उद्गारचिन्ह चुकलं असेल, किंवा कर्नलमध्ये बिनफॉर्मेट स्क्रिप्ट हा पर्याय बंद असेल. स्क्रिप्ट ओळखणं हे शेलचं काम आहे असा समज असतो, पण इथे ते कर्नल स्वतः करतं.

उणे २: फाइल सापडली नाही. हा सर्वांत फसवा आकडा, कारण इनिट तर डोळ्यांसमोर असते. सापडलेली नसते ती तिच्यामागची फाइल. एक कारण म्हणजे बिझीबॉक्स स्टॅटिक नाही. तशी बायनरी सुरू करायला डायनॅमिक लोडर लागतो आणि तो आपल्या इमेजमध्ये नाही. दुसरं कारण, इनिट फाइल विंडोज पद्धतीच्या ओळ-शेवटानं सेव्ह झाली आहे. मग कर्नल '/बिन/एसएच' च्या मागे चिकटलेल्या अदृश्य कॅरेज रिटर्नसकट नाव शोधतं, आणि तशी फाइल नसतेच.

याच्याही अलीकडचा प्रकार म्हणजे 'अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)'. याचा अर्थ /इनिट मुळातच दिसली नाही आणि कर्नल डिस्क शोधायला निघालं. बहुधा सीपीआयओ फोल्डरच्या बाहेरून बांधलेलं असतं, त्यामुळे आत _इन्स्टॉल/इनिट असा मार्ग तयार होतो. जीझिप उलगडून 'सीपीआयओ -टी' नं यादी बघितली की लगेच कळतं.

अजून एक. /इनिट चालली नाही तर कर्नल हार न मानता /एसबिन/इनिट, /ईटीसी/इनिट, /बिन/इनिट आणि /बिन/एसएच असे क्रमानं प्रयत्न करतं. बिझीबॉक्सनं /एसबिन/इनिट बसवलेली असतेच, ती सुरू होते आणि 'कान्ट ओपन /डेव्ह/टीटीवाय२' अशा ओळींचा पाऊस पडतो. तो दिसला तर टीटीवायच्या मागे लागू नका. स्क्रीन वर सरकवून पहिला 'फेल्ड' चा संदेश शोधा.

किनारा

दोन अडचणी आहेत. बिझीबॉक्समध्ये मेन्यूकॉन्फिग म्हणतं एनकर्सेस सापडलं नाही, पण डेव्हलपमेंट पॅकेज बसवलेलं आहे. ते सोडून नुसतं मेक केलं तर टीसी डॉट सी या फाइलवर सीबीक्यू नावाच्या कशावरून तरी एरर येते. आवृत्ती १.३६.१.

टाकसाळ

किनारा, दोन्ही ठिकाणी तुमचं काही चुकलेलं नाही. जुना कोड आणि नवी साधनं यांचा तो खटका आहे.

मेन्यूकॉन्फिग आधी एक चिमुकला सी प्रोग्रॅम कंपाइल करून एनकर्सेस आहे का ते तपासतं. त्या प्रोग्रॅममध्ये मेनच्या आधी इंट लिहिलेलं नाही. जीसीसी १४ पासून ही इशाऱ्याची बाब न राहता चूक धरली जाते, म्हणून तपासणी नापास होते आणि दोष एनकर्सेसवर येतो. स्क्रिप्ट्स/केकॉन्फिग/एलएक्सडायलॉग फोल्डरातली चेक-एलएक्सडायलॉग स्क्रिप्ट उघडून मेनच्या आधी इंट घाला. किंवा मेन्यूच्या वाटेला जाऊच नका. डॉट-कॉन्फिग ही साधी मजकूर फाइल आहे, त्यात कॉन्फिग_स्टॅटिक ची ओळ शोधून 'वाय' करा.

टीसी म्हणजे नेटवर्कची रहदारी नियंत्रित करणारी आज्ञा. सीबीक्यू ही जुनी पद्धत कर्नलमधून काढली गेली आणि ६.८ पासून तिच्या व्याख्या हेडरमध्येही राहिल्या नाहीत. बिझीबॉक्स अजून त्या मागतं. डॉट-कॉन्फिगमध्ये कॉन्फिग_टीसी बंद करा, पुढचं बिनतक्रार होईल.

उंबरठा

धाग्याच्या दिशेबद्दल थोडा मतभेद नोंदवतो. वरची कृती चांगलीच आहे, पण त्यात प्रोसेसर, मेमरी आणि इंटरप्ट सगळं लिनक्सच्या पोटात राहतं. संगणक शिकायचा असेल तर निदान एकदा कर्नलच्या जागी आपण उभं राहून पाहायला हवं. त्यासाठी ५१२ बाइट पुरतात.

बायोस पद्धतीनं बूट होताना डिस्कचा पहिला सेक्टर मेमरीत हेक्स ७सी०० या पत्त्यावर येतो. त्याचे शेवटचे दोन बाइट, म्हणजे ५१० आणि ५११ क्रमांकाचे, हेक्स ५५ आणि एए असले तरच तो बूट करण्याजोगा मानला जातो. पार्टिशन टेबलसुद्धा ठेवायचं असेल तर ते ४४६ पासून ६४ बाइट घेतं, मग कोडला ४४६ च उरतात. प्रोसेसर १६-बिट रिअल मोडमध्ये असतो. डीएल रजिस्टरमध्ये ज्या ड्राइव्हवरून बूट झालं त्याचा क्रमांक असतो, तो आधी जपून ठेवा, पुढचे सेक्टर वाचायला लागतो. सेगमेंट रजिस्टरांत काय असेल याचा भरवसा नाही. म्हणून सुरुवातीलाच डीएस, ईएस, एसएस शून्य करा आणि स्टॅकचा पॉइंटर ७सी०० वर ठेवा. स्टॅक खाली वाढतो, त्यामुळे आपल्या कोडवर येत नाही.

अक्षर छापायला एएचमध्ये हेक्स ०ई, एएलमध्ये अक्षर आणि इंटरप्ट १०. असेंबलर नॅस्म, आउटपुट 'बिन' प्रकारचं. वरती ऑर्ग ७सी०० लिहायचं राहिलं तर एकेक अक्षर नीट छापतं पण स्ट्रिंगच्या जागी कचरा येतो, कारण स्ट्रिंगचा पत्ता शून्यापासून मोजला गेलेला असतो. चूक क्षुल्लक, पण पत्ता म्हणजे काय ते तिच्यामुळे पक्कं होतं.

क्यूएमूत चाललेला सेक्टर पेनड्राइव्हवरून खऱ्या मशीनवर चालला नाही तर आधी एक तपासा. काही बायोस पेनड्राइव्हला फ्लॉपी समजतात आणि सुरुवातीच्या काही बाइटांत डिस्कच्या रचनेची माहिती स्वतः लिहितात. आपला कोड तिथे असेल तर तो पुसला जातो. उपाय सोपा आहे. पहिली सूचना उडीची ठेवा आणि तिच्यानंतर साठेक बाइट मोकळे सोडा.

शून्यपत्ता

उंबरठा, तुमचं म्हणणं पटतं, आणि बूट सेक्टर सगळ्यांनी एकदा लिहावाच. पण तिथून पुढे स्वतःचा पूर्ण बूटलोडर लिहायला बसलं की डिस्क वाचणं, ए२० (१ एमबीपुढची मेमरी खुली करणारी रेषा), मेमरीचा नकाशा यांत महिने जातात आणि कर्नलचा पहिला सी फंक्शनसुद्धा लिहून होत नाही. दोन्ही शिकण्यासारखं आहे, पण ते वेगवेगळे विषय आहेत. बूट सेक्टर झाला की मल्टिबूटवर (ग्रबसारख्या तयार बूटलोडरकडून आपलं कर्नल लोड करून घ्यायची ठरलेली पद्धत) या असं सुचवेन.

उंबरठा

हो, त्यावर एकमत आहे. मल्टिबूटची थोडी माहिती देतो.

कर्नलच्या फाइलीत पहिल्या ८१९२ बाइटांत, ४ च्या पटीतल्या जागी तीन आकडे ठेवायचे: जादूचा आकडा हेक्स १बीएडीबी००२, फ्लॅग्ज आणि चेकसम. तिन्हींची ३२-बिट बेरीज शून्य यायला हवी. ग्रब किंवा क्यूएमूचा -कर्नल पर्याय हे हेडर शोधतो, फाइल मेमरीत ठेवतो, प्रोसेसर ३२-बिट प्रोटेक्टेड मोडमध्ये नेतो आणि आपल्याकडे उडी मारतो. तेव्हा ईएएक्समध्ये हेक्स २बीएडीबी००२ असतं, आणि ईबीएक्समध्ये माहितीच्या तक्त्याचा पत्ता.

इथे तीन गोष्टी चुकतात. पहिली, लिंकर स्क्रिप्टमध्ये मल्टिबूटचा सेक्शन सर्वांत आधी घेतलेला नसतो, हेडर ८१९२ च्या पलीकडे जातं आणि ग्रब म्हणतं हे कर्नलच नाही. 'ग्रब-फाइल' ला --इज-एक्स८६-मल्टिबूट पर्याय देऊन बूट करण्याआधीच खात्री करता येते. दुसरी, स्टॅक. लोडर ईएसपी लावून देत नाही. असेंब्लीत १६ केबी जागा राखून ईएसपी तिच्या वरच्या टोकाला लावा, मगच सी फंक्शन बोलवा. तिसरी, ६४-बिट कर्नल थेट देणं. क्यूएमूचा हा मार्ग ३२-बिट एल्फच (प्रोग्रॅमच्या फाइलीचा फॉरमॅट) घेतो. लाँग मोडमध्ये जायचं ते आपण नंतर जायचं.

कंपायलर सिस्टीममधला न वापरता आय६८६-एल्फ लक्ष्याचा क्रॉस-कंपायलर बांधा. सिस्टीमचा जीसीसी लिनक्सवर चालणाऱ्या प्रोग्रॅमसाठी बेतलेला असतो आणि आपल्या खाली लिनक्स नाही. -एफफ्रीस्टँडिंग द्या. तरीही मेमकॉपी, मेममूव्ह, मेमसेट आणि मेमकंपेअर ही चार फंक्शनं आपणच लिहावी लागतात, कारण कंपायलर ती स्वतःहून बोलावू शकतो. स्ट्रक्चरची नक्कल करणारी एक साधी ओळ लिहिली आणि लिंकर मेमकॉपी नाही म्हणाला तर गोंधळू नका.

पडद्यावर लिहिणं इथे फार छान आहे. हेक्स बी८००० पासून ८० गुणिले २५ घरं, प्रत्येकी दोन बाइट, एकूण ४०००. पहिला बाइट अक्षर, दुसरा रंग. पॉइंटर घेऊन बाइट लिहिला की अक्षर उमटतं. पॉइंटरला व्होलाटाइल म्हणा, नाहीतर ऑप्टिमायझर 'हे कुणी वाचतच नाही' असं धरून लिखाण गाळू शकतो.

अर्धविराम

इंटरप्टपाशी बहुतेकांचं कर्नल पडतं, म्हणून तेवढं सविस्तर लिहितो.

पीसीवरचा जुना इंटरप्ट कंट्रोलर सुरुवातीला हार्डवेअरच्या ० ते ७ या रेषा ८ ते १५ या व्हेक्टरांवर पाठवतो. पण प्रोटेक्टेड मोडमध्ये ० ते ३१ प्रोसेसरनं स्वतःच्या अपवादांसाठी राखलेले आहेत, आणि ८ म्हणजे डबल फॉल्ट. इंटरप्ट चालू केल्या केल्या टायमरची टिकटिक डबल फॉल्ट म्हणून येते आणि आपण उगाच मेमरीत चूक शोधत बसतो. म्हणून आधी कंट्रोलर हेक्स २० ते २एफ वर हलवायचा.

हँडलरमधून साध्या रिटर्ननं परतू नका, आयरेट लागतं. प्रोसेसरनं स्टॅकवर फ्लॅग्जही ठेवलेले असतात. काही अपवाद आणखी एक एरर कोड ढकलतात: ८, १० ते १४ आणि १७. बाकीचे नेहमीचे ढकलत नाहीत. ज्यांना नाही तिथे हँडलरनं खोटा शून्य ढकलावा म्हणजे सगळ्यांची चौकट सारखी होते, आणि परतण्याआधी तो काढून टाकावा. हे चार बाइट विसरले तर आयरेट भलत्याच पत्त्यावर जातं.

प्रत्येक हार्डवेअर इंटरप्टनंतर पोर्ट हेक्स २० वर हेक्स २० लिहून 'झालं' कळवायचं. ८ किंवा त्यापुढची रेषा असेल तर पोर्ट ए० वरही. कीबोर्डची एकच कळ येते आणि मग शांतता, असं झालं तर हेच राहिलंय, किंवा पोर्ट ६० वरून स्कॅनकोड वाचलेला नाही. आणि जे वाचता ते अक्षर नसतं, कळीचा क्रमांक असतो. कळ सोडल्यावर दुसरा कोड येतो, त्याचा वरचा बिट १ असतो. शिफ्ट, कॅप्स हे सगळं आपणच लक्षात ठेवायचं.

टायमरची मूळ वारंवारता ११९३१८२ हर्ट्झ. सेकंदाला १०० टिकटिक हवी तर भाजक ११९३२.

अपवादाच्या हँडलरकडे जातानाच चूक झाली की डबल फॉल्ट, त्याच्या हँडलरकडे जातानाही झाली की ट्रिपल फॉल्ट, आणि प्रोसेसर रीसेट. क्यूएमूची खिडकी सारखी चमकत राहते ती यामुळे. '-डी इंट' आणि '-नो-रीबूट' हे दोन पर्याय लावा. प्रत्येक इंटरप्टच्या वेळची रजिस्टरं छापली जातात आणि रीसेटऐवजी क्यूएमू थांबतं. शेवटून वर वाचत जा आणि पहिला अपवाद शोधा, पुढचे दोन त्याचीच पिल्लं. १४ असेल तर पेज फॉल्ट, आणि कुठला पत्ता चुकला ते सीआर२ मध्ये असतं. जीडीबी (डीबगर) जोडायचं तर -एस (छोटा) आणि -एस (मोठा) दोन्ही द्या. पहिल्यानं १२३४ पोर्ट उघडतो, दुसऱ्यानं मशीन पहिल्या सूचनेवर थबकून राहतं.

६४-बिटवर जाणाऱ्यांसाठी: -एमनो-रेड-झोन विसरू नका. त्या पद्धतीत फंक्शनला स्टॅक पॉइंटरच्या खालचे १२८ बाइट न विचारता वापरायची मुभा असते, आणि कर्नलमध्ये इंटरप्ट नेमके तिथेच लिहितो. याची लक्षणं इतकी अनियमित असतात की शोधताना जीव मेटाकुटीला येतो.

किनारा

टाकसाळ, आभार, दोन्ही अडचणी सुटल्या. आता ही बिझीबॉक्सवाली सिस्टीम पेनड्राइव्हवरून खऱ्या मशीनवर चालवायची आहे. ग्रब बसवावं लागेल का?

टाकसाळ

यूईएफआय (बायोसच्या जागी आलेलं नवं फर्मवेअर) मशीन असेल तर बूटलोडरच नको. लिनक्स कर्नल स्वतः यूईएफआयचा प्रोग्रॅम होऊ शकतं.

कर्नल कॉन्फिगमध्ये ईएफआय स्टब चालू करा. इनिटरॅमएफएस (आपण सीपीआयओत बांधली तीच फाइलींची इमेज) सोर्समध्ये _इन्स्टॉल फोल्डरचा पूर्ण मार्ग द्या, म्हणजे ते कर्नलच्या पोटात जाईल. बिल्ट-इन कमांड लाइन चालू करून तिथे 'कन्सोल=टीटीवाय०' लिहा. इथे टीटीवायएस० ठेवलंत तर सगळा मजकूर सीरियल पोर्टवर जाईल आणि पडदा कोरा राहील. कर्नल बांधा. पेनड्राइव्हवर जीपीटी, एक ईएसपी पार्टिशन (वरचं रजिस्टर नव्हे, यूईएफआय बूट फाइल जिथे शोधतं ते), एफएटी३२. त्यात ईएफआय/बूट असं फोल्डर, आणि बीझेडइमेजची प्रत बूटएक्स६४ डॉट ईएफआय या नावानं. सिक्युअर बूट बंद करा, आपल्या कर्नलवर सही नाही.

डीडी (डिस्कवर थेट बाइट लिहिणारी आज्ञा) वापरावंच लागत नाही हा याचा मोठा फायदा. तरी फॉरमॅट करण्याआधी एलएसबीएलके चालवून आकारावरून डिव्हाइस ओळखा आणि मगच हात लावा. एका अक्षराच्या फरकानं घरची डिस्क पुसली जाते.

काळा पडदा येतो पण कॅप्स लॉक दाबला की त्याचा दिवा लागतो-विझतो, असं असेल तर कर्नल जिवंत आहे. फ्रेमबफर राहिलाय: सिंपलडीआरएम किंवा ईएफआय फ्रेमबफर, आणि फ्रेमबफर कन्सोल. मजकूर दिसतो पण कीबोर्ड मेलेला, तर एक्सएचसीआय, यूएसबी एचआयडी आणि जेनेरिक एचआयडी बघा. हे सगळं 'वाय' हवं, 'एम' नको. 'एम' म्हणजे मॉड्यूल, वेगळी फाइल. आपल्या इमेजमध्ये मॉड्यूल टाकलेली नाहीत, मग ती लोड कुठून होणार?

मशीनवर नेण्याआधी हीच पेनड्राइव्ह किंवा तिची इमेज क्यूएमूत ओव्हीएमएफ (क्यूएमूसाठीचं यूईएफआय) फर्मवेअर लावून तपासा. निम्म्या चुका तिथेच सापडतात.

शून्यपत्ता

ज्यांचं वरचं सगळं चालतंय त्यांच्यासाठी एक प्रयोग. बिझीबॉक्स काढून टाका आणि लायब्ररीशिवायची इनिट असेंब्लीत लिहा. आरएएक्समध्ये १ (राइट), आरडीआयमध्ये १ (आउटपुट), आरएसआयमध्ये मजकुराचा पत्ता, आरडीएक्समध्ये लांबी, मग सिसकॉल. नंतर आरएएक्समध्ये ३४ (पॉज) आणि पुन्हा सिसकॉल. -नोस्टडलिब आणि -स्टॅटिक देऊन लिंक करा. सीपीआयओमध्ये ही एकच फाइल. तुमची अख्खी 'युजरलँड' काही केबींची झाली. पॉजऐवजी ६० (एक्झिट) लावून पाहा, तोच जुना पॅनिक भेटेल. सिसकॉलनंतर आरसीएक्स आणि आर११ बदललेले असतात, त्यांत काही राखून ठेवू नका.

दुसरा प्रयोग कर्नल बारीक करण्याचा. 'मेक टायनीकॉन्फिग' पासून सुरू करून एकेक पर्याय चढवायचा: ६४-बिट, इनिटआरडी आणि जीझिप, प्रिंटके, टीटीवाय, ८२५० सीरियल आणि त्याचा कन्सोल, एल्फ, स्क्रिप्ट, प्रोक, सिसएफएस, डेव्हटीएमपीएफएस. प्रिंटके नसताना कर्नल पूर्ण मुकं असतं, तेव्हा ते सर्वांत आधी. बाकी क्रम मुद्दाम उलटसुलट करा आणि अर्धविराम यांनी दिलेल्या आकड्यांशी जुळवत जा.

उंबरठा

वाचनासाठी एमआयटीचं एक्सव्ही६. २००६ साली शिकवण्यासाठीच सुरू झालेलं, युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीच्या धर्तीवरचं कर्नल. आताचं रिस्क-व्ही वर चालतं, म्हणजे ए२० आणि सेगमेंट यांसारखी पीसीची जुनी ओझी त्यात नाहीत. शेड्यूलर आणि फाइल सिस्टीम सलग वाचून समजतील एवढ्याच आकाराच्या आहेत. लिनक्सचा कोड वाचायला घेण्याआधी हे वाचा.

टाकसाळ

बिल्डरूट, यॉक्टो, लिनक्स फ्रॉम स्क्रॅच यांबद्दल कुणी विचारण्याआधीच: बिल्डरूट हे वरची सगळी कृती आपोआप करणारं साधन आहे. हातानं एकदा केल्यावरच घ्या, मग त्याच्या मेन्यूतली प्रत्येक ओळ ओळखीची वाटते. क्यूएमूसाठी तयार डेफकॉन्फिग मिळतात. आपल्या फाइली घालायला रूटएफएस ओव्हरले वापरा, आउटपुट फोल्डरात हात घालू नका, पुढच्या बांधणीत ते जाईल. पॅकेज नुसतं मेन्यूतून काढून मेक केलं तर त्याच्या फाइली इमेजमध्ये तशाच राहतात, 'मेक क्लीन' करावं लागतं.

लिनक्स फ्रॉम स्क्रॅच वेगळ्या जातीचं आहे. तिथे टूलचेनच (कंपायलर, लिंकर वगैरे) आधी क्रॉस-कंपाइल करून मग सीएचरूटमध्ये (एका फोल्डरलाच रूट मानणारं वेगळं वातावरण) शिरतात. वेळ मोजायला एसबीयू वापरतात, म्हणजे बिनयूटिल्सच्या पहिल्या फेरीला तुमच्या मशीनवर लागलेला वेळ. एक सावधगिरी सगळ्यांत महत्त्वाची: टर्मिनल बंद करून परत आलात तर एलएफएस हे व्हेरिएबल सेट आहे का ते आधी बघा. रिकामं असेल तर मार्ग थेट मूळ सिस्टीमच्या रूटवर जातात, आणि रूट म्हणून काम करत असाल तर चालू सिस्टीमच्या फाइली बदलतात. यॉक्टो उत्पादनं बनवणाऱ्यांचं साधन आहे, शिकण्याच्या पहिल्या टप्प्यात त्याची गरज नाही.

किनारा

नेटवर्क आणि बंद करणं राहिलंय. यूडीएचसीपीसी (नेटवर्ककडून पत्ता मागणारी बिझीबॉक्सची आज्ञा) म्हणतं १०.०.२.१५ लीज मिळालं, पण आयएफकॉन्फिगमध्ये पत्ता दिसत नाही. आणि पॉवरऑफ टाकलं की काहीच होत नाही.

अर्धविराम

यूडीएचसीपीसी फक्त पत्ता मागून आणतं. तो कार्डाला लावण्याचं काम /यूएसआर/शेअर/यूडीएचसीपीसी/डिफॉल्ट डॉट स्क्रिप्ट या फाइलीचं, आणि आपल्या इमेजमध्ये ती नाही. बिझीबॉक्सच्या सोर्समध्ये एक्झाम्पल्स/यूडीएचसीपी मध्ये सिंपल डॉट स्क्रिप्ट आहे, तीच त्या नावानं ठेवा आणि चीमॉड करा. /ईटीसी फोल्डरही हवं, रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ तिथे लिहिली जाते. क्यूएमूच्या युजर नेटवर्कमध्ये गेटवे १०.०.२.२ आणि डीएनएस १०.०.२.३. बाहेरच्या पत्त्याला पिंग गेलं नाही म्हणून नेटवर्क बंद आहे असं समजू नका, त्या पद्धतीत पिंग बऱ्याचदा अडतं. डब्ल्यूगेटनं तपासा. आयपी टाकून चालतं पण नावानं चालत नाही, असं झालं तर जीलिबसी (लिनक्सची नेहमीची सी लायब्ररी) स्टॅटिक असल्याचा तो परिणाम. नावं शोधायला ती चालू असतानाच वेगळ्या लायब्ररी मागते. मसल या छोट्या सी लायब्ररीवर बिझीबॉक्स बांधलं की ती अडचण राहत नाही.

पॉवरऑफचं कारण मजेशीर आहे. ही आज्ञा स्वतः मशीन बंद करत नाही, प्रोसेस १ ला एसआयजीयूएसआर२ सिग्नल पाठवते आणि बंद करणं तिच्यावर सोडते. आपली प्रोसेस १ म्हणजे साधी शेल स्क्रिप्ट, तिनं त्या सिग्नलसाठी हँडलर लावलेलं नाही. इतर प्रोसेस अशा वेळी मेली असती. पण प्रोसेस १ ला न हाताळलेले सिग्नल कर्नल पोचवतच नाही, म्हणून काहीच घडत नाही. 'पॉवरऑफ -एफ' टाका, ते थेट रीबूट सिसकॉल करतं. किंवा शेलमधून एक्झिट करा, स्क्रिप्टची शेवटची ओळ तेच करते. तेही करून क्यूएमू बंद झालं नाही तर कर्नलमध्ये एसीपीआय (वीज बंद करायला लागणारा भाग) नाही, टायनीकॉन्फिगवाल्यांना हे दिसेल. इनिटरॅमएफएस रॅममध्येच असल्यामुळे -एफनं काही बिघडत नाही. पुढे ईएक्सटी४ डिस्क जोडाल तेव्हा मात्र आधी तिचं अनमाउंट, मगच -एफ.